किमोबरोबर चुंबकाचा पट्टा: ताटलीत काय दिसते आणि शरीरात काय पोहोचते

गुहागर तालुक्यातील एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या थोरल्या भावांना गालाच्या आतील बाजूस कर्करोग झाला होता. त्याची शस्त्रक्रिया झाली असून आता सहा आठवड्यांचे रेडिएशन आणि त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध सुरू आहे. गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने मोबाइलवर काही शोधनिबंध दाखवले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या कर्कपेशी किमोच्या कमी मात्रेनेही मरतात, असे त्यांत म्हटले आहे. त्याच सुमारास एक विक्रेता चुंबक बसवलेला गळपट्टा आणि गादी घेऊन घरी आला, आणि याच्या मदतीने औषध निम्म्यावर आणता येईल, असे सांगून गेला. हे निबंध खरे आहेत का, आणि खरे असतील तर पट्टा लावायला हरकत काय, असे शिक्षकांनी विचारले आहे.

निबंध बहुतांशी खरे आहेत, पट्ट्याचा त्यांच्याशी संबंध नाही, आणि सिस्प्लॅटिनची मात्रा चुंबकाच्या भरवशावर एक मिलिग्रॅमनेही कमी करू नये. मी गेली अनेक वर्षे या किनारपट्टीवर कर्करोगाचे औषधोपचार करतो, आणि त्याआधी दोन वर्षे मुंबईत एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे काम केले आहे, तेही नेमके याच विषयावर. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

सुरुवात भावांना मिळत असलेल्या औषधापासूनच केली पाहिजे, कारण सिस्प्लॅटिनचा जन्म विद्युत-चुंबकीय क्षेत्राच्या शोधातूनच झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. विभागणाऱ्या पेशीचे चित्र पाहताना त्यांना चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा रांगा धरतो त्याची आठवण झाली, आणि पेशीविभाजनावर विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो की काय हे तपासावे असे त्यांच्या मनात आले. त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून विजेचा प्रवाह सोडला. जिवाणूंचे विभाजन थांबले, पण वाढ थांबली नाही, आणि ते नेहमीच्या लांबीच्या सुमारे तीनशे पट लांब धाग्यांसारखे वाढले. दुसरा कोणी असता तर क्षेत्राचा प्रभाव सिद्ध झाला म्हणून निबंध लिहून मोकळा झाला असता. रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र द्रावणातील एकेक गोष्ट वेगळी करून तपासली, आणि क्षेत्र निर्दोष सुटले. इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमचे द्रावणातील अमोनिया आणि क्लोराइडशी जे संयुग बनले होते, ते विभाजन रोखत होते. १९६५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले, १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवर परिणाम दिसला, आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. आज मशेरी, तंबाखू आणि विडीमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या आपल्याकडील कितीतरी रुग्णांना तेच औषध सलाईनमधून जाते.

ही हकिगत मी रंजनासाठी सांगितलेली नाही. चुंबकीय क्षेत्र आणि किमो यांवरचा कोणताही निबंध हातात आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की क्षेत्राबरोबर आणखी काय बदलले होते.

आता निबंधांकडे वळू. स्थिर चुंबकीय क्षेत्र म्हणजे ज्याची तीव्रता आणि दिशा बदलत नाही असे क्षेत्र. प्रयोगशाळेत ते साधारण १ ते काही शे मिलिटेस्लापर्यंत वापरले जाते (टेस्ला हे क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक, आणि मिलिटेस्ला हा त्याचा हजारावा भाग). के-५६२ या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर सुमारे ८.८ मिलिटेस्लाचे क्षेत्र आणि सिस्प्लॅटिन किंवा ॲड्रियामायसिन (म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, हेही किमोचे औषध) एकत्र वापरले असता, केवळ औषधापेक्षा जास्त पेशी मेल्याचे चिनी संशोधकांनी नोंदवले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांना ॲड्रियामायसिनसोबत स्थिर क्षेत्र दिल्यावर गाठी अधिक आकसल्या. पुतण्याने दाखवले ते याच कुळातले असणार. यात फसवणूक काही नाही. पण ज्या कुळात हे निबंध आहेत त्याच कुळात उलटे सांगणारेही आहेत. १९९९ मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवले, की स्थिर क्षेत्रात ठेवलेल्या काही पेशी, त्यांना मारण्यासाठी दिलेल्या रसायनांना न जुमानता जास्त प्रमाणात जगल्या, कारण क्षेत्रामुळे पेशीत कॅल्शियमचा शिरकाव वाढला होता. म्हणजे तेच साधन पेशी वाढवण्याच्या एका ताटलीत औषधाला हात देते आणि दुसऱ्या ताटलीत कर्कपेशीला. विक्रेता हा दुसरा निबंध कधीच आणत नाही.

माझा स्वतःचा अनुभव येथे सांगणे आवश्यक आहे. आम्ही तांब्याच्या तारेचे वेटोळे इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी उबेत ठेवण्याच्या पेटीत, ठेवून त्याच्या मध्यभागी पेशींच्या ताटल्या मांडत असू, आणि तुलनेसाठीच्या (कंट्रोलच्या) ताटल्या खालच्या फळीवर असत. पहिले तीन महिने निकाल फार सुंदर आले: डॉक्सोरुबिसिनच्या त्याच मात्रेत वेटोळ्यातील पेशी स्पष्टपणे जास्त मरत होत्या. मग एका वरिष्ठ तंत्रज्ञांनी, ज्यांना भौतिकशास्त्राची पदवी नव्हती पण वीस वर्षे पेशी सांभाळण्याचा अनुभव होता, ताटलीतील द्रवातच बारीक तापमापक बुडवून पाहिला. इन्क्युबेटरच्या पडद्यावर ३७ अंश दिसत होते, पण वेटोळ्याच्या पोटात तारेच्या उष्णतेने तापमान जवळजवळ दोन अंशांनी चढले होते. उष्णतेने किमोचा परिणाम वाढतो हे जुने आणि पक्के ज्ञान आहे. आम्ही तीन महिने चुंबकत्व नव्हे, ऊब मोजत होतो.

पुढे आम्ही दुहेरी तारेचे वेटोळे बनवले. त्यात दोन तारा एकत्र गुंडाळलेल्या असतात. दोन्हींतून प्रवाह एकाच दिशेने सोडला तर क्षेत्र तयार होते, आणि विरुद्ध दिशांनी सोडला तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांना खाऊन टाकतात, पण उष्णता तेवढीच राहते. कोणत्या दिवशी कोणती जोडणी आहे हे पेशी मोजणाऱ्याला सांगायचे नाही, असाही नियम केला. त्यानंतर फरक उरला, पण इतका लहान की तो कधी दिसे, कधी दिसत नसे. या क्षेत्रातील निबंध वाचताना खोट्या, म्हणजे प्रवाह असूनही क्षेत्र न देणाऱ्या, वेटोळ्याचा उल्लेख आहे का, तापमान ताटलीत मोजले का इन्क्युबेटरच्या भिंतीवर, आणि मोजणाऱ्याला जोडणी माहीत होती का, या तीन गोष्टी पद्धतीच्या भागात शोधाव्यात. इन्क्युबेटरचा पंखा आणि हीटर यांचेही स्वतःचे क्षेत्र असते, त्यामुळे एकाच पेटीतील दोन फळ्यांवर पार्श्वभूमी सारखी नसते, ही बाब तर अनेक प्रयोगांत मोजलीच जात नाही.

मग परिणाम सगळाच खोटा का? तसेही मी म्हणणार नाही. रसायनशास्त्रात एक यंत्रणा चांगली सिद्ध झालेली आहे. रासायनिक अभिक्रियेत कधी कधी दोन मूलके (रॅडिकल) जोडीने जन्मतात, प्रत्येकात एकेक एकटा इलेक्ट्रॉन असतो, आणि त्या दोघांचे फिरकेपण (स्पिन) एकमेकांशी कसे जुळलेले आहे यावर ती जोडी पुन्हा एकत्र येणार की फुटून वेगळी होणार हे ठरते. काही मिलिटेस्लाचे क्षेत्र, विशिष्ट परिस्थितीत त्याहूनही कमी, या जुळणीत ढवळाढवळ करू शकते. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना दिशा कशी कळते याच्या स्पष्टीकरणातही हीच यंत्रणा मांडली जाते. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध पेशीत मुक्त मूलके तयार करते, तेव्हा तत्त्वतः क्षेत्राला हात घालायला जागा आहे. सिस्प्लॅटिनची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते मुख्यतः डीएनएला चिकटून त्याच्या एकाच धाग्यातील शेजारशेजारचे घटक एकमेकांशी जखडते, आणि त्या रेणूत एकटा इलेक्ट्रॉन नसल्यामुळे तो चुंबकाकडे ओढला जात नाही. चुंबक औषध गाठीकडे खेचतो हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य सिस्प्लॅटिनच्या बाबतीत सरळ चुकीचे आहे. रक्तातील लोहाचेही तसेच. हिमोग्लोबिनमधील लोह म्हणजे खिळ्यातील लोखंड नव्हे. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन तर चुंबकापासून अगदी किंचित दूरच सारले जाते, हे १९३६ पासून माहीत आहे. एमआरआय यंत्रात दीड किंवा तीन टेस्लाच्या क्षेत्रात माणूस अर्धा तास पडून राहतो, तरी त्याचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही.

यापुढचा प्रश्न अंतराचा आहे, आणि पट्ट्याचा निकाल येथेच लागतो. दोन सेंटीमीटर व्यासाचा आणि पाच मिलिमीटर जाडीचा, बाजारात मिळणारा चांगला निओडायमियम चुंबक घेतला, तर त्याच्या पृष्ठभागाच्या मध्यावर सुमारे २९० मिलिटेस्ला क्षेत्र असते. त्याच अक्षावर पाच सेंटीमीटर दूर गेल्यावर ते सुमारे २ मिलिटेस्ला उरते. त्यापुढे अंतर दुप्पट झाले की तीव्रता आठव्या हिश्श्यावर येते, म्हणजे दहा सेंटीमीटरवर पाव मिलिटेस्लाच्या आसपास. गाल पातळ आहे, म्हणून गालाच्या बाबतीत हा आक्षेप तितका लागू नाही असे कोणी म्हणेल. पण भावांची गाठ तर शस्त्रक्रियेत काढलेली आहे. आता उपचार आहे तो मागे राहिल्या असतील अशा सूक्ष्म पेशींवर, ज्या जबड्यामागे, मानेच्या खोल लसिकाग्रंथींत, कुठेही असू शकतात. गळपट्ट्यातील प्रत्येक चुंबक त्यांतील प्रत्येक जागेला वेगवेगळी तीव्रता देणार, आणि मान वळवली की तीही बदलणार. प्रयोगशाळेत आम्ही ताटलीभर क्षेत्र एकसारखे असावे म्हणून जो जीव टाकत होतो, त्याला पट्ट्यात काही अर्थच उरत नाही.

तुलनेसाठी आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण देतो. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, म्हणून ती तेथे हलवली गेली. तिच्या इमारतींसाठी चुंबकीय नसलेले साहित्य वापरले गेले. पृथ्वीचे जे क्षेत्र तेथे मोजले जाते ते साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे एका मिलिटेस्लाचा पंचविसावा हिस्सा. क्षेत्र मोजायचे म्हणजे केवढी काळजी घ्यावी लागते याची त्यावरून कल्पना यावी. हर्णै-दाभोळकडचे खलाशीसुद्धा होक्याजवळ स्पीकर ठेवू देत नाहीत. पट्ट्याच्या खोक्यावर मात्र तीव्रता पृष्ठभागावरची छापलेली असते की त्वचेखालची, हे कोणी विचारत नाही.

चुंबकीय क्षेत्राचा कर्करोगावर खरोखर उपयोग झालेला एक मार्ग आहे, पण त्यात लोह शरीरात आधी घालावे लागते. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण गाठीत टोचून बाहेरून झपाट्याने दिशा बदलणारे क्षेत्र दिले, की ते कण तापतात आणि गाठ आतून शेकली जाते. १९५७ मध्ये लसिकाग्रंथींसाठी ही कल्पना प्रथम मांडली गेली. बर्लिनमधील एका कंपनीच्या अशा पद्धतीला मेंदूच्या गाठींसाठी २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. तेथे क्षेत्राची दिशा सेकंदाला सुमारे एक लाख वेळा उलटसुलट होते, आणि जोडीला रेडिएशन असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची घातक गाठ पुन्हा उद्भवलेले ५९ रुग्ण होते आणि पुनरुद्भवाचे निदान झाल्यापासून त्यांचे मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १३.४ महिने भरले, परंतु त्यात तुलनेचा दुसरा गट नव्हता. किंमतही मोजावी लागते. डोक्यात लोहकण असल्यावर पुढे एमआरआयची प्रतिमा वाचता येत नाही, आणि दातांतील धातूही आधी काढावा लागतो. आयआयटी मुंबईतही अशा कणांवर डॉक्सोरुबिसिन बसवून पेशींवर प्रयोग झाले आहेत.

याच कणांना औषध बांधून ते बाहेरच्या चुंबकाने गाठीवर रोखून धरायचे, हा दुसरा प्रयत्न. १९९६ मध्ये बर्लिनच्याच संशोधकांनी १४ रुग्णांत एपिरुबिसिन हे किमोचे औषध बांधलेले चुंबकीय द्रव वापरून पाहिले. रुग्णांनी ते सोसले, पण द्रवाचा मोठा भाग यकृतात जाऊन बसला, आणि गाठीत तो पोहोचल्याचे काही रुग्णांतच दिसले. कारण पुन्हा तेच अंतर: कणाला ओढण्याचे बळ क्षेत्राच्या उतारावर, म्हणजे अंतरागणिक ते किती झपाट्याने घटते यावर, अवलंबून असते, आणि त्वचेपासून काही सेंटीमीटर आत गेल्यावर तो उतार सपाट होतो, तर धमनीतील रक्ताचा ओघ तसाच जोरात असतो.

पुतण्याच्या निबंधांत ‘ट्यूमर ट्रीटिंग फील्ड्स’ हेही नाव आले असेल, आणि येथे गोंधळ हमखास होतो, म्हणून स्पष्ट लिहितो: ती क्षेत्रे विद्युत आहेत, चुंबकीय नाहीत. डोक्याचे केस काढून त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सुमारे २०० किलोहर्ट्झचे विद्युत क्षेत्र दिवसातून अठरा तास दिले जाते. ग्लायोब्लास्टोमाच्या ६९५ रुग्णांच्या चाचणीत टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्यांसोबत हे क्षेत्र मिळालेल्यांचे मध्यम आयुष्य २०.९ महिने आणि फक्त गोळ्या मिळालेल्यांचे १६ महिने भरले. तुलनेच्या गटाला खोटे यंत्र दिले नव्हते ही त्या चाचणीवरची रास्त टीका आहे, पण तिच्या जोरावर मान्यता मिळाली हे खरे. विक्रेते या यंत्राचे नाव घेऊन चुंबक विकतात. त्याला माझ्या लेखी दुसरा शब्द नाही, ती फसवणूक आहे. कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करणे आपल्याकडे १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे, हेही त्यांना ऐकवायला हरकत नाही.

केवळ स्थिर चुंबक आणि किमो यांचा माणसांवरचा अभ्यास विचाराल, तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिल्या टप्प्याचा एक लहान अभ्यास आहे. किमो चालू असताना क्षेत्र दिल्याने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अधिक घसरतात का, एवढेच त्यात पाहिले गेले, आणि तसे दिसले नाही. आयुष्य वाढते का, औषध कमी चालते का, हे त्याचे प्रश्नच नव्हते.

औषध निम्म्यावर आणण्याच्या विधानाने मला सर्वांत जास्त काळजी वाटते. सिस्प्लॅटिनची मात्रा किती आणि किती दिवसांनी द्यायची, एवढ्या एका प्रश्नासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३०० रुग्णांची चाचणी झाली. शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरला आठवड्याला ३० मिलिग्रॅम आणि तीन आठवड्यांतून एकदा १०० मिलिग्रॅम यांची त्यात तुलना होती. दोन वर्षांनंतर रोग त्याच भागात आटोक्यात राहिलेले रुग्ण पहिल्या गटात ५८.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ७३.१ टक्के होते. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत, शस्त्रक्रियेनंतरच्या २६१ रुग्णांत, आठवड्याला ४० मिलिग्रॅम ही मात्रा तीन आठवड्यांच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडत नाही असे दिसले. म्हणजे ३० आणि ४० यांतील दहा मिलिग्रॅमलासुद्धा वजन असू शकते. तेथे निम्मी मात्रा घरच्या घरी कशी ठरवायची?

आता पट्टा लावायला हरकत काय, याचे सरळ उत्तर. रेडिएशन चालू असताना मानेची त्वचा लाल होते, सोलवटते, कधी ओलसर होते, आणि आपल्या दमट हवेत तर तिला सुती पंचाचाही स्पर्श नकोसा होतो. त्यावर चुंबकांचा घट्ट पट्टा घासणे म्हणजे जखमेला आमंत्रण. जखम चिघळली की रेडिएशनमध्ये खंड पडतो, आणि मधले दिवस गेले की त्याचा फायदा कर्कपेशींना मिळतो. पट्ट्यातील धातू स्कॅनची प्रतिमा बिघडवतो, आणि रेडिएशनच्या मास्कखाली तर तो जाताच कामा नये. भावांना पेसमेकर असेल तर चुंबक छातीजवळ आणणेही धोक्याचे. तो असल्याचे त्यांच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना सांगितले आहे ना, एवढे मात्र आजच विचारून घ्या. गादीबद्दल मला त्वचेची चिंता नाही, पैशाची आहे. तेवढ्या पैशात सहा आठवडे गुहागरहून ये-जा करण्याचे भाडे निघेल.

औषध सोसवत नाही म्हणून तुम्ही हा मार्ग शोधत असाल, तर तसे आम्हाला मोकळेपणाने सांगा, कारण त्यावर करण्यासारखे बरेच आहे. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून सलाईनच्या आदल्या दिवसापासून भावांनी किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली हे वहीत लिहून ठेवावे. उलट्यांमुळे पाणी टिकत नसेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा. दर सलाईनआधी मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनिन तपासले जाते, त्यासोबत मॅग्नेशियमही पाहायला सांगावे, कारण ते या औषधाने घसरते आणि मग हातपायांत गोळे येतात. कानात शीळ वाजल्यासारखे होणे किंवा बारीक आवाज ऐकू न येणे हे लक्षण दिसल्यास श्रवणचाचणी करून घ्यावी. ती वाईट आली किंवा मूत्रपिंड साथ देत नसेल, तर औषध बदलण्याचे पर्याय आहेत, आणि तो निर्णय तुमच्या डॉक्टरांना कागद पाहून घेता येईल. गिळताना त्रास होत असेल तर पेज, मऊ भात, सोलकढीऐवजी ताक असे बेत ठेवावेत. कोकमाची आंबट चव सोललेल्या तोंडाला झोंबते, ही तक्रार माझ्याकडे दर आठवड्याला येते.